माप मधोमध घ्यावे

वहिनीने नोटीस माझ्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हणाली, "वन्सं, तुमचं प्रमाणपत्र आलंय."

जेवताना कागद पुढ्यात टाकलेला मला खपत नाही, हे तिला वीस वर्षांपासून माहीत आहे. तरी टाकला, म्हणजे प्रकरण साधं नव्हतं. मी डाव्या हाताने कागद ओढला. वर धुलाई कारखान्याचा शिक्का, खाली व्यवस्थापकाची ऐटबाज सही, आणि मधे चार ओळी. येत्या सोमवारपासून वसाहतीची कामगार बस बंद करण्यात येत आहे. पालिकेच्या सायकल-योग्यता नकाशानुसार वसाहत ते कारखाना हा मार्ग सलग हिरवा असून नवख्या व्यक्तीसही सुरक्षित आहे. सबब प्रत्येक कामगारास कारखान्यातर्फे एक सायकल देण्यात येईल.

"नवखी व्यक्ती म्हणजे मी," वहिनी म्हणाली. "मला तर धड बसताही येत नाही सायकलवर."

"सलग हिरवा? आणि नाल्यावरचा पूल? तो काय आकाशात उचलून ठेवला? कुठल्या गाढवाने हा रस्ता हिरवा रंगवला?"

"तुमच्याच ऑफिसातल्या. आणि ओरडू नका, मला बहिरी करून सोमवार टळणार नाही."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. मी ताट तसंच सरकवलं आणि वहिनीने ते परत माझ्यापुढे सरकवलं. दादा बाहेरगावी नोकरीला आहे, पंधरा दिवसांनी एकदा घरी येतो. त्यामुळे या घरात एकमेकींवर डोळे वटारायला आम्ही दोघीच असतो, आणि त्यात आमचा हात कोणी धरणार नाही.

वहिनी त्या कारखान्यात बारा वर्षं आहे. शहरातल्या चार रुग्णालयांच्या चादरी, उशांचे अभ्रे, डॉक्टरांचे झगे तिथे धुवायला येतात. ही गरम रुळांच्या यंत्रावर असते. ओली चादर एका बाजूने घालायची आणि पलीकडून कडक होऊन आली की घडी करायची. पाळी सकाळी साडेसहाला लागते. आमच्या वसाहतीतून अकरा जणी जातात आणि सहाची बस त्यांना कारखान्याच्या दारात सोडते. शहराची पहिली बस सातला निघते. पुलाशिवाय दुसरा रस्ता आहे, पण तो सहा किलोमीटरचा वळसा आणि अर्धा हमरस्ता. त्या हमरस्त्याला मी स्वतः लाल रंग दिला होता.

"नोकरी सोड," मी म्हणाले.

वहिनीने माझ्याकडे असं पाहिलं की मी घास गिळायचा विसरले. "चूक तुमच्या ऑफिसची आणि नोकरी मी सोडू? तुम्ही सोडा तुमची."

मी तो विसरलेला घास गिळला.

आता माझं काम काय ते सांगते. शहराच्या वाहतूक विभागात मी रस्ते तपासते. कुठला रस्ता सायकल चालवायला किती योग्य, ते ठरवते. शहरातला प्रत्येक रस्ता आम्ही चौकापासून चौकापर्यंत तोडतो. त्या प्रत्येक भागाला तुकडा म्हणतो. प्रत्येक तुकड्याची रुंदी मोजायची, गाड्या किती वेगाने जातात ते बघायचं, कडेला किती गाड्या उभ्या असतात ते लिहायचं आणि मग दर्जा द्यायचा. पहिला दर्जा म्हणजे बारा वर्षांचं मूल एकटं जाऊ शकेल. दुसरा म्हणजे नवखं मोठं माणूस जाऊ शकेल. तिसरा सराईतांसाठी. चौथा जिवावर उदार झालेल्यांसाठी, पण असं कागदावर लिहिता येत नाही. पहिले दोन हिरवे, तिसरा पिवळा, चौथा लाल. असे दोन हजार तीनशे चाळीस तुकडे आम्ही दीड वर्षात केले आणि त्याचा नकाशा केला. साहेबांनी तो चौकटीत घालून आपल्या खुर्चीमागे लावला.

छापण्याआधी मी तो नकाशा तपासला होता. लाल तुकडे एकेक करून तपासले, कारण लालवर नगरसेवक भांडायला येतात. हिरव्यावर कोणी भांडत नाही, म्हणून हिरव्यावर मी नुसता हात फिरवला. माझ्या घरापासून दीड किलोमीटरवर असलेला पूल त्या हिरव्यात होता आणि मला दिसला नाही. हे लिहितानाही मला माझाच कान पिळावासा वाटतो.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात गेले ती थेट कपाटाशी. तुकडा क्रमांक सहाशे बारा. लांबी सातशे चाळीस मीटर, रुंदी नऊ मीटर चाळीस, वेग कमी, उभ्या गाड्या नाहीत. दर्जा दुसरा. मोजणी टेपवाले काका.

टेपवाले काका चौतीस वर्षं या विभागात टेप धरून आहेत. आम्हा सगळ्यांच्या आधीचे. चार महिन्यांनी निवृत्त व्हायचे होते. कमी बोलतात, इतके कमी की नवीन माणसाला ते रागावलेत असं वाटतं. मी तो कागद घेऊन त्यांच्या टेबलावर आपटला. त्यांच्या चहाची बशी उडाली.

"काका, नऊ मीटर चाळीस? तो पूल नऊ मीटरचा आहे? दोन ट्रक तिथे समोरासमोर आले तर एकाला मागे जावं लागतं! तुम्ही पूल बघितला तरी होता का, की झाडाखाली बसून आकडा टाकलात?"

सगळं ऑफिस आमच्याकडे बघत होतं. काकांनी आधी बशी सरळ केली. मग खणातून दोन गोष्टी काढल्या. एक माझं सूचनापत्रक, दुसरी त्यांची मोजणीची वही. पत्रकातल्या सातव्या नियमावर बोट ठेवलं. मला वाचायची गरज नव्हती. तो मी लिहिला होता.

माप तुकड्याच्या मधोमध घ्यावे. इतरत्र घेतलेले माप बाद धरले जाईल.

हा नियम मी रागाच्या भरात लिहिला होता. कामाच्या पहिल्या महिन्यात मोजणीदार जिथे सावली असेल तिथे माप घेत. एकाने तर एका गल्लीची रुंदी बाकडं होतं त्या जागी मोजली, कारण बसून लिहिता येत होतं. ती गल्ली नेमकी तिथेच फुगलेली. मी सगळ्यांना एका खोलीत कोंडून अर्धा तास झापलं आणि त्याच संध्याकाळी हा नियम ठळक अक्षरांत छापला. त्यानंतर सगळे तुकड्याच्या लांबीला दोनने भागायचे, तिथे खडूने खूण करायचे आणि टेप लावायचे. मला कोण अभिमान! शिस्त लागली म्हणून मी स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

नाल्यावरचा पूल तुकड्याच्या टोकाला आहे. मधोमध तो रस्ता खरंच नऊ मीटर चाळीस आहे. तिथे बारा वर्षांचं मूलच काय, डोळे मिटून कोणीही जाईल.

"पण काका, पूल समोर दिसत होता ना? विचारायचं तरी मला!"

काकांनी वही उघडली. गेल्या हिवाळ्यातलं पान. पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं: पूल, रुंदी ३.१०. विचारले. मॅडम म्हणाल्या, डोकं चालवायचं काम माझं, तुम्ही टेप चालवा.

मला आठवलं. त्या दिवशी मी फोनवर होते, हातात तिसऱ्याच रस्त्याची फाइल होती, आणि काका दारात येऊन "मॅडम, त्या सहाशे बारामध्ये एक" इतकंच म्हणाले होते. एक काय, ते मी ऐकूनच घेतलं नव्हतं.

तरी माझी जीभ कुठे थांबते! "मग दुसऱ्यांदा का नाही विचारलंत?"

"तुम्हाला दुसऱ्यांदा कोण विचारतं?" काका म्हणाले.

ते चिडून बोलले असते तर मला बरं वाटलं असतं. ते नुसतं सांगत होते. मी माझ्या जागेवर जाऊन बसले आणि बराच वेळ नुसते आकडे मांडत राहिले. पूल तीन मीटर दहा. ट्रक अडीच मीटर. उरले साठ सेंटिमीटर. सायकलचं हँडल अठ्ठावन्न. कठडे गुडघ्याइतके, खाली नाला. सकाळी सहा ते सात मालगोदामाचे ट्रक त्याच पुलावरून शहरात येतात, कारण सातनंतर त्यांना बंदी आहे. उतरून सायकल हातात धरून चालावं तर माणूस अधिक सायकल, म्हणजे आणखी रुंद.

हे आकडे घेऊन मी साहेबांकडे गेले. साहेब माणूस गोड. इतका गोड की त्यांच्याशी भांडून झाल्यावर आपणच हरलो हे जिन्यात लक्षात येतं. त्यांनी आकड्यांवरून बोट फिरवलं.

"साठ उरतात आणि हँडल अठ्ठावन्न. म्हणजे मावते ना?"

"साहेब, दोन सेंटिमीटरमध्ये तुम्ही तुमच्या बायकोला पाठवाल?"

"चिडू नका हो. मी फक्त गणित बघतोय." त्यांनी खणातून दुरुस्ती पत्रक काढलं. "आपल्याला तुकडा बदलता येतो. आजच्या आज. मी सही करतो, कारखान्याला कळवतो, सोमवारी बस चालू राहील. इथे फक्त कारण लिहा." त्यांनी रकाना दाखवला. चुकीचे कारण. "मोजणीदाराची चूक, एवढं लिहिलं की ते माझ्या अधिकारात येतं."

"चूक मोजणीदाराची नाही."

"मग कोणाची?"

"नियमाची. माझी."

साहेबांनी चष्मा काढला. "नियमाची चूक लिहिलीत तर हे पत्रक समितीकडे जाईल. तीन आठवडे कुठे गेले नाहीत. शिवाय नियम चुकला म्हणजे दोन हजार तीनशे चाळीस तुकडे चुकले. नकाशा मागे घ्यावा लागेल. पुढच्या कामाची प्रमुख म्हणून तुमचं नाव गेलंय, ते परत येईल. आणि तोवर तुमच्या वहिनी पुलावरूनच जाणार. विचार करा. काका तर चार महिन्यांत घरीच बसणार आहेत."

"चौकशी लागेल त्यांना."

"लागेल. छोटीशी."

निवृत्तीच्या तोंडावर चौकशी छोटी नसते, हे साहेबांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. मी पत्रक घेऊन बाहेर आले. इतका संताप आला होता की कोणावर काढावा ते कळेना. साहेबांवर काढावा, तर ते मला नको ते करायला सांगत नव्हते, फक्त दार उघडून उभे होते. आत जायची इच्छा मला झाली होती, आणि राग त्याचाच होता.

कारखान्याच्या व्यवस्थापकाला फोन केला. तो म्हणाला, "मॅडम, आज नकाशा हिरवा आहे. लाल झाला की दाखवा, आम्ही लगेच बस सुरू करतो. आम्ही तर तुमचंच ऐकतोय." मी फोन इतक्या जोरात ठेवला की टेबलावरची काच तडकली. ती अजून तशीच आहे.

संध्याकाळी पाणीटाकीमागच्या मैदानात वहिनीला सायकल शिकवायला घेतलं. कारखान्याने अकरा सायकली पाठवल्या होत्या, सगळ्या एकाच निळ्या रंगाच्या, घंटीवर कारखान्याचं नाव. चव्वेचाळीसाव्या वर्षी वहिनी पहिल्यांदा सीटवर बसली आणि तिने हँडल असं धरलं की त्याचा जीव जावा.

"समोर बघ! चाकाकडे नको बघू!"

"चाक गेलं तर कळायला नको?"

"चाक कुठे जात नाही! पाय मार! अगं पाय मार! समोर बाक आहे!"

"ब्रेक दाबू की ओरडू?"

"दोन्ही!"

तिने फक्त ओरडून घेतलं. बाकाला धडकली, उठली, साडीची धूळ झटकली आणि परत बसली. बाकीच्या दहा जणींपैकी चौघींना सायकल येत होती, सहा जणी वहिनीसारख्या. मैदानभर किंकाळ्या. शनिवारपर्यंत सगळ्या सरळ जायला लागल्या. वळायला अजून कोणी तयार नव्हतं.

शुक्रवारी, शिकवणी आटोपून पायरीवर बसलो होतो, तेव्हा मी वहिनीला पत्रकाचं सांगितलं. मला वाटतं, तिने हो म्हणावं म्हणूनच सांगितलं. एक वाक्य लिहिलं की सोमवारी बस येते. काकांना थोडा त्रास होईल. तिने कोपरावरच्या खरचटलेल्या जागेवर फुंकर घातली.

"त्या काकांनी तुम्हाला सांगितलं होतं ना पुलाचं?"

"सांगायला आले होते."

"आणि तुम्ही ऐकलं नाही."

"नाही."

"घरी नाही ऐकत ते मी चालवून घेते," वहिनी म्हणाली. "पण त्या म्हाताऱ्याने काय घोडं मारलंय तुमचं? आणि माझ्या पुलाला लाल रंग दिलात, की बाकीच्या पुलांचं काय? तिथे कोणाच्या तरी वहिन्या जात असतीलच की."

मला तिचा भयंकर राग आला. स्वतःचा जीव धोक्यात असताना ही बाई मला न्याय शिकवते! मी तरातरा वर माझ्या खोलीत गेले, पत्रक काढलं, पेन उघडलं. कारणाच्या रकान्यात "मोजणी" एवढं लिहिलं आणि हात थांबला. त्यापुढे "दाराची चूक" लिहायला पाच सेकंद लागली असती. मी पाच मिनिटं बसले. मग लिहिलं: मोजणीचा सातवा नियम चुकीचा. रस्ता सगळ्यात वाईट जागेवरून तपासायला हवा, मधोमध नाही. मोजणीदाराने वेळीच विचारले होते. मी ऐकले नाही. खाली सही केली, पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. सही करताना कागद फाटला.

शनिवारी अर्धा दिवस ऑफिस असतं. साहेबांनी पत्रक वाचलं, फाटलेल्या जागेवरून बोट फिरवलं आणि "तुम्ही स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेताय," असं म्हणून आवक-जावकच्या टोपलीत टाकलं. तीन आठवडे. मी जागेवर येऊन बसले. सोमवार दीड दिवसावर होता आणि मी जे करता येण्यासारखं होतं ते करून हात बांधून घेतले होते.

टेपवाले काका माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. चौतीस वर्षांत ते कोणाच्या टेबलाशी आपणहून आले असतील असं मला वाटत नाही. पत्रकाची बातमी ऑफिसभर झाली होती.

"मॅडम, दुरुस्ती पत्रक गेलं की नवीन माप जोडावं लागतं."

"लागतं."

"म्हणजे पूल परत मोजायचा."

"मोजा ना. मी कुठे नको म्हणतेय?"

काकांनी सूचनापत्रक माझ्यापुढे ठेवलं. या वेळी बोट चौथ्या नियमावर होतं. मोजणी करताना आवश्यक वाटल्यास दहा मिनिटांपर्यंत वाहतूक थांबवावी. "हा पण तुमचाच," ते म्हणाले. "माप किती वाजता घ्यायचं ते नियमात कुठे लिहिलेलं नाही. आणि किती वेळा घ्यायचं तेही नाही."

माणूस चौतीस वर्षं गप्प बसून काय काय साठवतो!

सोमवारी पहाटे पावणेसहाला आम्ही दोघं पुलावर होतो. काकांनी दोन्ही तोंडांशी "मोजणी चालू आहे" अशा पाट्या उभ्या केल्या, मी लाल झेंडी घेतली. सहाला पहिला ट्रक आला, मालगोदामाचा, वर दोरखंडाने बांधलेली खोकी. मी झेंडी खालीच ठेवली. त्यामागे दुसरा, तिसरा. सहा वाजून आठ मिनिटांपर्यंत मी त्यांना जाऊ दिलं. मग चौथ्याच्या बरोबर समोर जाऊन उभी राहिले.

"ओ बाई! बाजूला व्हा!"

"मोजणी चालू आहे!"

"आत्ता? या वेळेला? डोकंबिकं फिरलंय का?"

"फिरलंय! इंजिन बंद करा!"

त्याने हॉर्न दाबला आणि धरूनच ठेवला. मागच्या सगळ्यांनी साथ दिली. मी झेंडी त्याच्या काचेवर आपटली आणि आठवड्याभराचं सगळं त्या माणसावर काढलं. व्यवस्थापकाचं, साहेबांचं, नकाशाच्या चौकटीचं, सगळं. त्या बिचाऱ्याचा त्यात काडीचा संबंध नव्हता. तो हॉर्न सोडून तोंड उघडं टाकून ऐकत बसला.

तेवढ्यात वळणावरून निळ्या सायकली आल्या. अकरा. सायकल येणाऱ्या चौघी पुढे, मग बाकीच्या, आणि सगळ्यात शेवटी वहिनी, पाठ लाकडासारखी ताठ करून. पुढच्या पार झाल्या. वहिनी पुलावर चढली आणि अर्ध्यात आल्यावर तिचं चाक डुगडुगलं. तिने नाल्याकडे बघितलं.

"समोर बघ!" मी ओरडले.

"वन्सं! ब्रेक दाबू की ओरडू?"

"तू पाय मार! ओरडायचं काम माझ्याकडे लागलंय!"

तिने पाय मारले. माझ्या अंगाला घासून गेली, माझ्याकडे न बघता. ट्रकच्या बाजूला रस्ता रुंद होतो, तिथे पोचल्यावर तिने घंटी वाजवली, दोनदा. मग दहा जणींच्या मागे दिसेनाशी झाली.

ट्रकवाला म्हणाला, "झाली का मोजणी?" आता आवाज खाली होता. दहा मिनिटांतली अजून चार माझी होती.

काका टेपचं टोक हातात धरून पुलाच्या तोंडाशी उभे होते. त्यांनी विचारलं, "मॅडम, माप कुठे घेऊ?"

उत्तर माझ्या तोंडावर आलं होतं. नेहमीच येतं. मी ते गिळलं. "तुम्ही सांगा, काका."

काका पुलावर चालत गेले, अर्ध्याच्याही पुढे, पलीकडच्या टोकापर्यंत. तिथे कठडा कधीतरी कोणत्या गाडीने फोडला होता आणि दुरुस्त करताना तो आतल्या बाजूने जाड बांधला होता. इतकी वर्षं मी त्या पुलावरून जाते, ते माझ्या कधी लक्षात आलं नव्हतं. त्यांनी टेपचं टोक त्या जाड दगडाला लावलं. दुसरं मी धरलं.

"तेव्हा घाईत तोंडाशीच घेतलं होतं," ते म्हणाले. "या जागेचं सांगायचं होतं मला." वाकून आकडा वाचला, परत वाचला. "तीन मीटर चार."

मी वहीत लिहिलं. तीन चार. ट्रक अडीच. उरले चोपन्न. हँडल अठ्ठावन्न.

मावत नव्हती. मी मागे वळून बघितलं. चौथा ट्रक तिथेच होता. त्याच्या चाकांसमोरच्या मातीत निळ्या सायकलींच्या टायरचे ओले माग होते, अकरा, एकात एक गेलेले. शेवटचा जरा वेडावाकडा.

मी झेंडी खाली केली. ट्रक गेला, कठड्याला जेमतेम हात शिवेल इतक्या अंतराने. काका टेप गुंडाळत होते.

"काका," मी म्हणाले, "हे माप एकदाच घेऊन चालणार नाही."

"नाही," काका म्हणाले. "उद्या सहाला येतो."